हीट केबलचा जीएफसीआय सारखा ट्रिप होतो? आधी केबलची दोन्ही टोकं तपासा

पाण्याचा पाइप गोठू नये म्हणून हीट केबल लावलेली असते आणि नेमकी ती ऐन थंडीत बंद सापडते. जीएफसीआयचं, म्हणजे थोडी वीज गळली तरी पुरवठा तोडणाऱ्या आउटलेटचं, बटण बाहेर आलेलं असतं. ते दाबलं की दोन-चार दिवस चालते, मग बर्फ वितळतो किंवा पाऊस पडतो आणि पुन्हा ट्रिप. शिकागो, मिनिआपोलिस, टोरोंटो, एडमंटन अशा ठिकाणी घराखालच्या क्रॉलस्पेसमध्ये (जेमतेम रांगत जाता येईल अशा बुटक्या जागेत), गॅरेजच्या भिंतीलगत किंवा बाहेरच्या नळाला ही केबल असते. तिथे हा दोष दर हिवाळ्यात परत येतो, कारण बहुतेक वेळा तो दुरुस्त होतच नाही, फक्त रीसेट होतो.

इथे लिहिलंय ते पाइपच्या बाहेरून बांधलेल्या १२० व्होल्टच्या केबलबद्दल, मुख्यतः सेल्फ-रेग्युलेटिंग, म्हणजे थंडीप्रमाणे स्वतःच कमी-जास्त तापणाऱ्या, प्रकाराबद्दल.

लक्षणांवरून काय कळतं

जीएफसीआय रीसेट करताक्षणी पडतो: पक्का शॉर्ट आहे. केबल कापली गेली आहे, तिच्यात खिळा किंवा स्क्रू गेला आहे, नाहीतर केबलमधल्या तांब्याच्या जाळीचा एखादा तंतू जोडणीत तारेला टेकला आहे.

सुरू होतो आणि पाच-दहा मिनिटांनी पडतो: टोकात ओल आहे. केबल तापली की तिथे साचलेला बर्फ वितळतो आणि ओल पसरते.

फक्त पावसात किंवा बर्फ वितळताना पडतो, कडाक्याच्या थंडीत बिनतक्रार चालतो: हाच सगळ्यांत नेहमीचा प्रकार. गोठलेल्या पाण्यातून वीज फारशी वाहत नाही, वितळलेल्या पाण्यातून वाहते. म्हणून उणे वीसला चालणारी केबल शून्याच्या आसपास दगा देते आणि लोक भलत्याच गोष्टीला दोष देत बसतात.

जीएफसीआय जागेवर, पण पॅनेलमधला ब्रेकर पडतो, तोही खूप थंडीत केबल सुरू होताना: सेल्फ-रेग्युलेटिंग केबल थंड असताना नेहमीपेक्षा बराच जास्त करंट ओढते. त्या सर्किटसाठी केबलची लांबी जास्त आहे किंवा त्याच ब्रेकरवर आणखी काही चालू आहे.

काहीच ट्रिप होत नाही आणि तरी पाइप गोठतो: थर्मोस्टॅट, भिजलेलं इन्सुलेशन किंवा मधेच तुटलेली तार.

इतक्याशा गळतीने का पडतो?

भारतात घरात गळतीसाठी बसवतात तो आरसीसीबी सहसा ३० मिलिअँपिअरचा असतो. अमेरिका-कॅनडातला घरगुती जीएफसीआय साधारण ५ मिलिअँपिअरलाच पडतो. पुण्याच्या घरात जाणवलीही नसती एवढी गळती इथे पुरते. त्यामुळे ‘जीएफसीआय फार नाजूक आहे, तो काढून साधं आउटलेट लावू’ असं सुचवणारे भेटतात. तसं अजिबात करू नका, आणि त्याचं कारण नीट समजून घ्या.

सेल्फ-रेग्युलेटिंग केबलमध्ये दोन समांतर तारा असतात आणि त्यांच्यामध्ये कार्बन मिसळलेलं काळं प्लास्टिक. वीज या काळ्या गाभ्यातून एका तारेतून दुसरीकडे जाते आणि उष्णता तयार होते. गाभ्यावर आतलं आवरण, त्यावर कल्हई केलेल्या तांब्याची जाळी आणि सगळ्यांत वर बाहेरचं आवरण. उघड्या टोकाशी ओल शिरली की दोन तारांमध्ये बारीक ठिणग्या पडू लागतात आणि गाभा हळूहळू जळत मागे सरकतो. हा करंट लाइनमधून न्यूट्रलमध्येच जातो आणि तोही थोडा. त्यामुळे साध्या ब्रेकरला काही गैर दिसतच नाही. जळत जळत तो दोष जाळीला भिडतो तेव्हा करंट अर्थमध्ये जातो आणि जीएफसीआय वीज तोडतो. जाळी आणि जीएफसीआय ही जोडी आग टाळण्यासाठी आहे. दोन्हींपैकी एक काढलं तर दुसऱ्याचा उपयोग संपतो.

आधी हे ठरवा: तुमची केबल कोणती?

प्लग आणि थर्मोस्टॅटसकट पाकिटात मिळालेली ठराविक लांबीची केबल असेल, तर ती कापायची नाही, जोडायची नाही, सील करायची नाही. दोष केबलमध्ये निघाला तर ती फेकून नवी घ्यायची. यातल्या बऱ्याच केबल ठराविक वॅटच्या असतात. तशी केबल कापली तर रोध कमी होऊन ती जास्त तापते, आणि स्वतःवरच चढवून गुंडाळली तर त्या जागी जळते.

रिळावरून फुटाने विकत घेतलेली, किट लावून टोकं बंद केलेली सेल्फ-रेग्युलेटिंग केबल असेल तर टोकं पुन्हा करता येतात. कोणती आहे ते बाहेरच्या आवरणावर छापलेलं असतं. तिथेच व्होल्टेजही वाचा. २४० व्होल्टची केबल १२० वर लावलेली सापडते. ती ट्रिप होत नाही, जेमतेम कोमट होते आणि पाइप गोठतो. उलट प्रकार झाला तर केबल जळते.

आवरणाखाली जाळीच नसलेली जुनी केबल आढळली तर पुढचं काही तपासत बसू नका. ती काढा.

तपासणी १: फुकटची, दहा मिनिटांची

केबलचा प्लग काढा आणि जीएफसीआय रीसेट करा. रिकामा असतानाही तो पडत असेल तर दोष आउटलेटचा किंवा त्याच्या पुढे जोडलेल्या दुसऱ्या आउटलेटांचा. एका जीएफसीआयवर अंगणातले दिवे, गॅरेजचं दार आणि हीट केबल असं सगळं असू शकतं. एकेक काढून पाहा.

बाहेरच्या आउटलेटचं झाकण उघडून आत ओल, गंज, हिरवट डाग आहेत का ते बघा. प्लग लावलेला असतानाही बंद होणारं फुगीर झाकण हवं आणि आउटलेटवर डब्ल्यूआर (वेदर रेझिस्टंट) ही खूण हवी. साधं चपटं झाकण प्लग असताना उघडंच राहतं आणि वितळलेलं पाणी सरळ आत जातं. हा दोष सापडला तर सुटकेचा श्वास टाका, काही डॉलरात काम होतं.

मग केबल घरातल्या दुसऱ्या चांगल्या जीएफसीआयवर, केबलच्या वायरची लांबी पुरत असेल तरच, लावून पाहा. एक्स्टेन्शन वायर वापरू नका. तिच्याच जोडात पाणी शिरलं तर चाचणीला अर्थ उरत नाही, आणि कायमची लावून ठेवायला तर ती मुळीच नाही.

ट्रिप होत नाही पण केबल थंड आहे? बाहेर ८-१० अंश सेल्सिअस असेल तर ती बंद असणंच बरोबर आहे. बहुतेक घरगुती थर्मोस्टॅट साधारण ३ अंशांना सुरू होतात. थर्मोस्टॅटच्या गाठीवर प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ बांधून १५ मिनिटं थांबा. केबल तापू लागली तर थर्मोस्टॅट ठीक आहे. मात्र तो बसवलाय कुठे ते बघा. पाइपच्या सर्वांत थंड भागाला चिकटून, इन्सुलेशनच्या आत हवा. वॉटर हीटरजवळच्या उबदार तुकड्यावर बसवला तर दूरचा पाइप गोठला तरी त्याला कळणार नाही.

तपासणी २: डोळ्यांनी आणि हातांनी

वीज बंद करा. प्लग काढून ठेवा किंवा ब्रेकर बंद करून त्यावर चिठ्ठी लावा. मग पूर्ण लांबी चालत जा.

इन्सुलेशन हाताने दाबून बघा. पाणी निघालं तर तो तुकडा बदलायचा. भिजलेलं फायबरग्लास उष्णता अडवत नाही, केबल अखंड चालू राहते आणि बाहेरचं आवरण महिनोन्‌महिने पाण्यात राहतं. बाहेरच्या वेष्टनाचा सांधा खालच्या बाजूला हवा, म्हणजे पाणी आत साचत नाही.

उंदरांचे दात, नवीन ठोकलेले क्लॅम्प, धारदार कडा, व्हॉल्व्हजवळचे तीव्र वळण हे सगळं तपासा. केबल धातूच्या तारेने किंवा साध्या काळ्या पीव्हीसी टेपने बांधलेली असेल तर सोडवा. काचतंतूंची टेप वापरून साधारण दर फुटाला एक बांध द्यायचा. प्लास्टिकच्या पाइपवर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे अ‍ॅल्युमिनियम टेप लावायची, नाहीतर उष्णता पाइपभर पसरत नाही. आडव्या पाइपवर केबल खालच्या अंगाला, घड्याळातल्या चार किंवा आठच्या जागी हवी. वर बसवली तर पाइपवर पाय ठेवणाऱ्याखाली चिरडते, अगदी तळाला बसवली तर आधाराच्या पट्टीत अडकते.

आता दोन्ही टोकं. लांबचं टोक, म्हणजे एंड सील, अनेकदा जमिनीवर किंवा नळाच्या तळाशी पाण्याच्या डबक्यात लोळत असतं. सील वर वळवून पाइपला बांधलेलं हवं. जवळच्या टोकाला जंक्शन बॉक्स असेल तर केबल खालच्या बाजूने आत जायला हवी आणि जाण्यापूर्वी तिचा झोका खाली लोंबता हवा, म्हणजे पाणी झोक्याच्या तळाशी ठिबकतं. बॉक्समध्ये वरून शिरलेली केबल स्वतःच्या अंगावरून पाणी आत आणून सोडते.

इथे एक चूक फार दिसते. केबल चपटी असते आणि ग्लँड, म्हणजे केबल बॉक्समध्ये शिरते तिथला पाणी अडवणारा तोटा, गोल भोकाचा लावलेला असतो. नट कितीही आवळला तरी दोन्ही कडांना फट राहते. केबलच्या आकाराचं लांबट रबर असलेला ग्लँडच हवा. सिलिकॉन थापून ती फट भरणं टिकत नाही.

तपासणी ३: क्लॅम्प मीटर

केबल सुरू असताना तारेभोवती नुसता जबडा लावून करंट मोजणारं हे मीटर. जबड्यात एकच तार घ्यायची. मिनिटाभराचं काम आहे. समजा ५ वॅट प्रतिफूट केबल ३० फूट आहे. म्हणजे १५० वॅट, १२० व्होल्टवर साधारण सव्वा अँपिअर. पाइप खूप थंड असेल तर सुरुवातीला जास्त दिसेल आणि मग उतरेल. शून्य दिसलं तर केबलपर्यंत वीजच येत नाही. पाइप थंड असूनही अपेक्षेपेक्षा निम्मंच दिसलं तर बहुधा मधे कुठेतरी एक तार तुटली आहे. तारा समांतर असल्याने अलीकडचा भाग तापतो, पलीकडचा थंड राहतो, आणि अलीकडे हात लावून पाहणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. म्हणून तापमान नेहमी लांबच्या टोकाजवळ, इन्सुलेशनखाली मोजायचं.

मिलिअँपिअर दाखवणारा लीकेज क्लॅम्प मिळाला तर लाइन आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र जबड्यात घ्या, अर्थ बाहेर ठेवा. जेवढा आकडा दिसेल तेवढी गळती. साध्या क्लॅम्प मीटरला इतका लहान आकडा दिसत नाही. लांब केबलला जाळीमुळे थोडी गळती नैसर्गिकच असते. खूप लांब सर्किट ५ मिलिअँपिअरवर टिकत नसेल आणि केबल निर्दोष असेल, तर कायमच्या जोडणीसाठी ३० मिलिअँपिअरचा, उपकरणांच्या संरक्षणाचा ग्राउंड-फॉल्ट ब्रेकर वापरतात. तो निर्णय इलेक्ट्रिशियनचा. प्लगच्या केबलसाठी हा पर्याय नाही.

तपासणी ४: मेगर

इथून पुढे दोष नक्की कुठे आहे ते कळतं. मल्टिमीटरने ओल सापडत नाही, कारण त्याचं व्होल्टेज फार कमी असतं. मेगर मोठं व्होल्टेज लावून आवरणाचा रोध मोजतो, आणि तो भाड्याने मिळतो.

वीज बंद. केबलच्या दोन्ही तारा सर्किटपासून सोडवा. इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर, थर्मोस्टॅट, जीएफसीआय यांतलं काहीही जोडलेलं ठेवू नका, मेगरच्या व्होल्टेजने ते मरतात. दोन्ही तारा एकत्र पिळा, मेगरचं एक टोक त्यांना आणि दुसरं जाळीला लावा. ५०० व्होल्टपासून सुरुवात करा, पुढची व्होल्टेज केबलच्या पुस्तिकेप्रमाणे. एक मिनिट धरून आकडा लिहा. मोजून झाल्यावर केबलमधला चार्ज उतरू द्या, मगच हात लावा. दोन तारांच्या मध्ये मेगर लावू नका. तिथे मुद्दाम वाहक गाभा आहे, त्या आकड्याला अर्थ नाही.

नव्या, नीट सील केलेल्या केबलचा आकडा शेकडो मेगओहमांत येतो. काही कंपन्या २० मेगओहम ही किमान मर्यादा देतात, काही बरीच वर ठेवतात. तुमच्या पुस्तिकेतली मर्यादा पाळा. मागच्या वर्षी ८०० होता आणि यंदा ४० आहे, तर मर्यादेत असला तरी पाणी शिरू लागलंय असं समजा.

धातूचा पाइप असेल तर जाळी आणि पाइप यांच्यात दुसरं मोजमाप घ्या. अर्थची जोडणी त्यासाठी तेवढ्यापुरती सोडवावी लागेल. इथे आकडा कमी आला तर बाहेरचं आवरण कुठेतरी फाटलंय.

पहिला आकडा कमी आला तर लांबच्या टोकाचं सील १५ सेंटिमीटर केबलसकट कापा आणि कापलेल्या टोकाच्या तारा, जाळी एकमेकांना टेकत नाहीत हे पाहून पुन्हा मोजा. आकडा झटकन वर गेला तर दोष त्या सीलमध्येच होता. तसाच राहिला तर बॉक्समधली जोडणी सोडवून तिथलं टोक ताजं कापा. तरीही नाही सुधारला तर दोष मधल्या लांबीत आहे. केबलचे तुकडे करत शोधत बसण्यापेक्षा, घरगुती लांबीची असेल तर नवीन टाकणं स्वस्त आणि सुरक्षित पडतं, असं माझं ठाम मत आहे.

हीट गनने टोक वाळवून, आकडा वर आला म्हणून तेच सील पुन्हा बसवू नका. जाळी वातीसारखी पाणी ओढते. बाहेरून कोरडं दिसणारं टोक आत हातभर ओलं असू शकतं. जाळी हिरवी किंवा काळी पडलेली दिसते तोपर्यंत कापत जा, चकचकीत तांबं-कथील दिसलं की थांबा. म्हणूनच केबल बसवताना प्रत्येक टोकाला फूट-दीड फूट जास्तीची ठेवायची.

एंड सील पुन्हा करताना

त्याच केबलच्या कंपनीचं किट घ्या. मापं किटच्या कागदावरचीच. हवा ५ अंशांहून उबदार आणि कोरडी असेल असा दिवस निवडा.

बाहेरचं आवरण सोलताना जाळीवर चीर जाऊ देऊ नका. जाळी मागे सारून एवढी आखूड कापा की तिचा एकही तंतू टोकाशी पोचणार नाही. गाभ्याचं टोक पायरीसारखं कापा, म्हणजे दोन्ही तारा वेगवेगळ्या पातळीवर संपतात. या दोन तारा एकमेकींना जोडायच्या नाहीत. सर्किट पूर्ण करायचं म्हणून त्या पिळून ठेवणारे असतात. त्यात थेट शॉर्ट होतो.

लहान टोपी गाभ्यावर, मोठी नळी बाहेरच्या आवरणापर्यंत. हीट गन सतत फिरवत राहा, आतला गोंद कडेने सगळीकडून डोकावेपर्यंत. गरम असतानाच टोक पकडीने दाबून दहा सेकंद धरा. गोंद एका बाजूला दिसला आणि दुसऱ्या बाजूला नाही, तर सील झालेलं नाही. लायटर किंवा टॉर्चची ज्वाला वापरू नका, बाहेरून करपतं आणि आत गोंद वितळत नाही.

वीज येते ते टोक

जाळी कापून टाकायची नाही. ती सैल करून तिच्यात भोक पाडायचं, आतली केबल त्यातून बाहेर ओढायची आणि जाळी पिळून शेपटी करायची. हीच शेपटी हिरव्या अर्थ वायरला क्रिम्प करायची (धातूच्या नळीत दाबून जोडायची).

आतलं आवरण काढल्यावर दोन्ही तारा काळ्या गाभ्यातून सोलून काढायच्या. सगळ्यांत जास्त चुका इथे होतात. तारांवर काळा थर राहिला, किंवा दोघींच्या बेचक्यात गाभ्याचा तुकडा लोंबत राहिला, तर तो वाहक पूल आहे. ओल आली की तिथूनच जळायला सुरुवात होते. तारा खरवडून स्वच्छ करा, प्रत्येकीवर स्वतंत्र श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी) नळी चढवा आणि बेचक्यावर किटमधला बूट बसवा. बुटात सिलिकॉन भरायचं असेल तर किटमधलंच. बाहेरून घ्यावं लागलं तर न्यूट्रल क्युअर प्रकारचं घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं आणि तांबं खातं. ते पूर्ण सुकायला दिवसभर द्या.

जोड रॅचेट क्रिम्परने करा, साध्या पकडीने दाबलेला जोड तापून सैल होतो. प्रत्येक तार ओढून बघा. मग मेगर, मग इन्सुलेशन, आणि इन्सुलेशन चढवून झाल्यावर पुन्हा मेगर, कारण वेष्टनाचे स्क्रू केबलमध्ये घुसतात. आकडा आणि तारीख बॉक्सच्या झाकणाच्या आतून मार्करने लिहा. हेच मोजमाप दर वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये घेतलं की हिवाळ्यात आडवं पडून क्रॉलस्पेसमध्ये काम करावं लागत नाही.

इथे थांबा आणि इलेक्ट्रिशियन बोलवा

आवरण वितळलेलं, करपलेलं किंवा जळका वास येत असेल तर एकदाही रीसेट करू नका. केबल पॅनेलला कायमची जोडलेली, २४० व्होल्टची, भिंतीत किंवा काँक्रीटमध्ये गेलेली, किंवा पाइपच्या आत असेल तर हात घालू नका. दोन्ही टोकं ताजी करूनही मेगरचा आकडा वर येत नसेल, जीएफसीआय बदलूनही पडत असेल, किंवा क्रॉलस्पेसमध्ये पाणी साचलं असेल तरी तेच.

नियमही बघा. क्युबेकमध्ये असं काम परवानाधारकानेच करायचं असतं. ओंटारिओत घरमालक करू शकतो, पण विद्युत सुरक्षा प्राधिकरणाला कळवावं लागतं. अमेरिकेत प्रत्येक गावाचे नियम वेगळे. कॉन्डो किंवा टाउनहाउस असेल तर तो पाइप तुमचा आहे की सोसायटीचा, हे काम सुरू करण्याआधी विचारा.

पाइप आधीच गोठला असेल तर ते प्लंबरचं काम. मुख्य व्हॉल्व्ह बंद करा आणि गोठलेल्या पाइपवरचा नळ उघडा ठेवा. फुटलेला पाइप बर्फ असेपर्यंत गळत नाही, वितळल्यावरच कळतं.

इलेक्ट्रिशियनला फोन करताना केबलवरचा छापील मजकूर, लांबी, कोणत्या हवेत ट्रिप होतो, रीसेटनंतर किती वेळ टिकतो आणि मेगरचे आकडे सांगा. एवढं हाताशी असेल तर तो योग्य कंपनीचं किट घेऊनच येईल आणि दुसरी फेरी वाचेल.